उजवा कौल

आमचे बाबा घरात बोलायचे ते मोजकंच. गुरं आली का, पेज झाली का, पाणी तापलं का, एवढ्यात त्यांचा दिवस उरकायचा. आई म्हणायची, "ह्येंच्या तोंडातसून शब्द काडूचो म्हणजे हातान नारळ सोलूचो." पण देवळात गाऱ्हाणं घालायला उभे राहिले की हाच माणूस ओळखू येत नसे. जत्रा असो, पेरणी असो, कुणाचं लग्न ठरलेलं असो की कुणाची म्हैस हरवलेली असो, आमच्याकडे ते देवाला मोठ्याने, सगळ्यांच्या वतीने सांगायचं असतं. त्याला गाऱ्हाणं म्हणतात, आणि कोरगावात आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, देवळात ते सांगायचा मान आमच्या घराकडे होता. बाबा हात जोडून, डोळे मिटून "बा देवा म्हाराजा" अशी सुरुवात करायचे, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्यानंतर जमलेली मंडळी "व्हय म्हाराजा!" म्हणून गर्जायची. लहानपणी मला वाटे, हा आवाज बाबांचा नव्हेच. पालखी जशी देवळातच ठेवलेली असते तसा हा आवाजही तिथेच ठेवलेला असणार, आणि बाबा जाऊन तो वापरत असणार. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या आवाजाचं पुढे जे झालं ते माझ्यामुळे झालं असं मी उभं आयुष्य मानत आलो, आणि त्याची लाज अजूनही माझ्या अंगातून पुरती गेलेली नाही.

घर उतारावर होतं, मागे काजूची बाग. काजूच्या दिवसांत सगळ्या घरादाराला एकच वास यायचा. बोंडू, म्हणजे काजूची फळं, तुडवून रस काढायचा, तो आंबायला ठेवायचा, मग भट्टी पेटवून हुर्राक, म्हणजे काजूची दारू, काढायची; तो आंबूस-गोड धूर कपड्यांत, केसांत, माझ्या शाळेच्या पिशवीतही शिरायचा. पेडण्याच्या शाळेतल्या बाई एकदा मला जवळ बोलावून, मी काही पिऊन तर आलो नाही ना, असं विचारून बसल्या होत्या. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की आई खिडकीतून हाक मारून उंडे घ्यायची, आणि ते कडक पाव आम्ही काळ्या चहात बुडवून खायचो. दुपारी उकड्या तांदळाची पेज, चुलीत भाजलेला सुका बांगडा आणि खारातली तोरं, म्हणजे मिठाच्या पाण्यातल्या कोवळ्या कैऱ्या. मोठमोठ्या हॉटेलांत मी पुढे कंपनीच्या पैशाने पुष्कळ जेवलो, पण भूक लागली की मला अजून आठवतो तो बांगड्याचा करपलेला वास.

बागेतलं माझं काम माकडं हाकण्याचं. बोंडू पिकू लागले की माकडांची टोळी यायची, आणि मी खालून धोंडे भिरकवायचो. त्या कामाने माझा हात तयार झाला. कापणी होऊन मळे मोकळे झाले की पोरं क्रिकेट मांडायची, आणि चेंडू टाकायची माझी रीत तीच होती: धावत यायचं, उडी मारायची आणि कोपरातून एक झटका द्यायचा. चेंडू असा जायचा की पलीकडचा गडी बॅट टाकून बाजूला व्हायचा. गोलंदाजाने वाकवलेला हात चेंडू सोडताना कोपरातून झटक्याने सरळ करता कामा नये, म्हणजे चेंडू फेकता कामा नये, असा काही नियम या जगात आहे हे आमच्या वाड्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. आमचा कायदा एवढाच की दांडी उडाली म्हणजे आऊट. दांडी तर मी उडवत होतो. दामूचा चेंडू दिसत नाही, त्याचा नुसता आवाज येतो, असं लोक अभिमानाने सांगत, आणि मी मान खाली घालून ऐकत असे. मला ते आवडायचं, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

त्या काळी खाणकंपन्यांचे क्रिकेटचे संघ असत आणि त्यांच्यात चुरस असे. साखळी गावातल्या एका कंपनीच्या माणसाने मला हळर्णच्या मैदानावर एका सामन्यात पाहिलं आणि सरळ नोकरीचं विचारलं. काम कचेरीत, माल पाठवण्याच्या खात्यात कारकुनाचं. पण ते नावाला. खरं काम संध्याकाळी, मैदानावर. मोसमभर बघू, चांगला टाकलास तर कायम करू, असं ठरलं. साखळीत एका खोलीत आम्ही तिघं राहायचो. ट्रकांनी रस्ता सतत भरलेला, खाणीची लाल धूळ जेवणात, अंथरुणात, कानात. सदरा धुवायला टाकला की बादलीतलं पाणी कुंकवासारखं व्हायचं. कचेरीत मला काही येत नव्हतं आणि कुणी शिकवतही नव्हतं. साहेब म्हणायचे, "तू चहा घे आणि हात जप." मीही हात जपत चहा घेत बसायचो. बाकीचे कारकून माना मोडेपर्यंत काम करत, आणि मी खिडकीपाशी मोकळा. तिथे पहिल्यांदा मला थोडी शरम वाटू लागली होती, पण ती हसण्यावारी नेता येईल इतपतच होती.

त्याच वर्षी कंपनीत यान नावाचा एक हॉलंडचा माणूस आलेला होता. खाणीचा माल नदीतून नेणाऱ्या बार्जमध्ये तो भरायची यंत्रं त्याच्या देशातल्या कंपनीने दिली होती, ती बसवून घ्यायला तो इथे होता. ताडमाड उंच, उन्हाने टोमॅटोसारखा झालेला, आणि अधिकारी असूनही कामगारांबरोबर उभ्याने भजी खाणारा. तो एकेकाळी स्वतः जलद गोलंदाज होता. हॉलंडमध्ये कुणी क्रिकेट खेळतं याच्यावर आमचा विश्वासच बसेना, तेव्हा त्याने कोटबीट काढून आम्हाला सरावात चार चेंडू टाकून दाखवले आणि आमच्या कप्तानाची मधली दांडी उखडली. आमच्या मैदानावर काथ्याची चटई खिळे ठोकून अंथरलेली असे, तिच्यावर आम्ही खेळायचो. ती बघून त्याला कोण आनंद झाला! त्याच्या गावीही जमीन ओली म्हणून अशीच चटई अंथरतात म्हणे. पाठ गेली, खेळणं सुटलं, म्हणून तो कंपनीच्या कामात शिरला आणि बघता बघता वर चढला. मला गोलंदाजी करताना तो सीमारेषेवर हाताची घडी घालून बघत राही. काही बोलत नसे. मी समजायचो, माणूस थक्क झालाय.

मोसमातल्या शेवटच्या सामन्याला गोव्याच्या संघाची निवड करणारे लोक येणार होते. म्हणजे त्या एका दिवसावर माझी नोकरी आणि गोव्याचा संघ, दोन्ही अवलंबून. ही बातमी मी घरी सांगितली ती चूक म्हणायची की काय, मला ठरवता येत नाही. गावाने माझा सत्कार केला. अजून काही मिळालेलं नसताना! शाल झाली, नारळ झाला, आणि मग बाबांनी गाऱ्हाणं घातलं. माझ्यासाठी. मी त्यांचा मुलगा, पण माझं नाव त्यांच्या तोंडून एवढ्या मोठ्याने मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा! ह्या दामूक, तुझ्या लेकराक, तू हातात बळ दिलंस, पायात वारो दिलंस."

"व्हय म्हाराजा!"

"आयज ता गावाचा नाव भायर घेवन जाता. तेच्या वाटेर कोण आडवो रवलो तर तेका कडेक कर, कोणाची नजर लागली तर ती थंयच्या थंय फिरव, आणि तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आई खांबाआडून पदराने डोळे पुसत होती.

सामन्याच्या दिवशी कोरगावहून ट्रक भरून माणसं आली. बाबा पुढे, चालकाच्या शेजारी, धुतलेल्या सदऱ्यात. चेंडू माझ्या हातात दिला गेला, मी धावत आलो आणि टाकला. दांडी उडाली. ट्रकातून आरोळी उठली, आणि त्या आरोळीतच पलीकडे बाजूला उभ्या असलेल्या पंचांनी हात आडवा केला, "नो बॉल!" ते डिचोलीचे गावस मास्तर, शाळेत गणित शिकवायचे, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले गृहस्थ. मला वाटलं पाय रेषेच्या पुढे पडला. मी पाय मागे घेतला. पुन्हा "नो बॉल." आणखी मागे घेतला. पुन्हा तेच. कप्तान धावत गेला, आणि मास्तरांनी त्याला हळू आवाजात सांगितलं, पण मैदान इतकं गप्प झालं होतं की सगळ्यांना ऐकू गेलं, "पांयांचें न्हय. तो चेंडू उडयता. हात वाकता ताचो." फेकतो! मी! कप्तानाने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं की हे त्याला आधीपासून माहीत होतं, कुणी पकडलं नाही तोवर चालवायचं एवढाच त्यांचा विचार होता. ज्या गोष्टीची माझ्या मनाला शंकासुद्धा नव्हती ती सगळ्या साखळीला ठाऊक होती.

त्याने चेंडू काढून घेतला आणि मला सीमारेषेवर पाठवलं, नेमकं आमच्या ट्रकाच्या समोर. सगळा दिवस मी माझ्या गावाकडे पाठ करून उभा राहिलो. मागून लोक ओरडत होते, "दामू, घाबरा नको मरे! हात तुझो सरळच आसा! तो पंच इकत घेतलोलो आसा!" एकाने वहाण फेकली, ती माझ्याच पायाशी येऊन पडली, आणि ती परत नेऊन देताना मान वर करायचा धीर मला झाला नाही. बाबा ट्रकातून खाली उतरले नव्हते. सामना संपला आणि ट्रक तसाच गेला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जायचं मला जिवावर आलं. संध्याकाळी यान मला मैदानावर घेऊन गेला. त्याने बरोबर बांबूच्या दोन कांब्या आणि दवाखान्यातली पट्टी आणली होती. कांब्या माझ्या कोपराला दोन्हीकडून लावून त्याने पट्टी घट्ट गुंडाळली, आणि म्हणाला, आता टाक. मी धावत आलो, सगळी ताकद लावली. चेंडू मध्यावर पडून लोळत गेला, एखाद्या पोराने टाकल्यासारखा. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. मग त्याने कांब्या सोडल्या आणि म्हणाला, आता टाक. चेंडू सूं करून गेला. त्याने मला काही समजावलं नाही, समजावायचं उरलंच नव्हतं. मी चटईवर बसलो आणि रडलो. माझ्यात जे काही होतं असं मला आणि गावाला वाटत होतं ते सगळं त्या कोपराच्या झटक्यात होतं, आणि तो झटका नियमात बसत नव्हता. यान शेजारी बसला. त्याने सांगितलं, की तू खोटं काही केलेलं नाहीस, तुला कुणी सांगितलंच नव्हतं. हात सरळ करून शिकायचं तर वर्ष जाईल आणि वेग निम्मा राहील. मग म्हणाला, "माझी पाठ गेली तेव्हा मीही असाच बसलो होतो. कचेरी वाटते तितकी वाईट नसते." मला तेव्हा त्याचा रागच आला.

रविवारी मी घरी गेलो तो हे सगळं बाबांना सांगायचं ठरवूनच. पण घरात शिरतो तर आईचा चेहरा फुललेला. "दामू, देवान उजवो दिल्यान रे!" म्हणाली. सोमवारीच गावाने देवाला कौल लावला होता. कौल म्हणजे देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली की होय, डावी पडली की नाही. बाबांनी विचारलं होतं, "पोराचो हात सरळ आसा, तर उजवो दी रे म्हाराजा." आणि प्रश्न संपायच्या आत उजवी पाकळी खाली आली होती. झालं! मग मास्तरांनी माझा नव्हे, देवाचाच अपमान केलेला ठरला. गावाने निरोप धाडला की मास्तरांनी येऊन देवापुढे नारळ ठेवावा आणि आपण चुकलो म्हणून सांगावं. डिचोलीच्या माणसाने कोरगावला भीक कशाला घालायची, असं कुणी म्हणेल. पण मास्तरांची मुलगी आमच्याच वाड्यावर दिलेली होती. बाप आला नाही तर जत्रेला तिने ओटी घेऊन देवळाची पायरी चढायची नाही, असं म्हणायलाही लोकांनी सुरुवात केली होती. मास्तर त्याच दुपारी येणार होते.

आणि ते आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, काखेत पिशवी, पिशवीत नारळ. मुलगी बाजूला बायकांत उभी होती, तिने बापाकडे बघितलंसुद्धा नाही. मास्तर देवापुढे उभे राहिले आणि वर्गात बोलावं तशा सरळ आवाजात म्हणाले, "म्हाका दिसलें तें सांगलें. पूण देव म्हणटा जाल्यार हांव चुकलों आसतलों." मी त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो. त्यांनी नारळ ठेवला असता तर मी सुटलो असतो. गाव वरपर्यंत गेलं असतं, भांडलं असतं, कदाचित मला आणखी संधीही मिळाली असती, आणि बाबांचा शब्द राहिला असता. पण ज्या माणसाने खरं तेच सांगितलं होतं तो माझ्यासाठी देवाच्या दारात खोटा व्हायला निघाला होता, आणि ते मला बघवेना.

"मास्तर चुकाक नाय," मी म्हणालो. "माझो हात वाकता. मिया बघलंय."

कुणीतरी हसलं. बाबांनी माझ्याकडे मान वळवली.

"देवान उजवो दिलो तो खोटो?"

मी कांब्यांचं सांगितलं, यानने काय केलं ते सांगितलं. माझी खात्री होती की बाबा मला तिथेच थोबाडीत मारणार. ते देवळाच्या कुडाकडे गेले, तिथल्या दोन कांब्या काढल्या, खांद्यावरचा पंचा मधोमध फाडला, आणि माझ्यासमोर येऊन म्हणाले, "हात दी." सगळ्या गावासमोर त्यांनी माझा हात बांधला. त्यांचे हात भाटीच्या कामाने राठ झालेले, पण गाठ मारताना त्यांनी मला कुठे टोचू दिलं नाही. कुणीतरी चेंडू आणला. मी अंगणात धावत येऊन टाकला. तो तुळशीवृंदावनापर्यंतही पोचला नाही. एक पोरगा "पुन्ना!" म्हणाला, आणि त्याच्या आईने त्याचं तोंड दाबलं.

बाबांनी गाठी सोडल्या. मास्तरांना म्हणाले, "मास्तर, नारळ घराक न्हेवा." आता देवाची क्षमा मागायची तर गाऱ्हाणं घालायला हवं होतं, आणि सगळे त्यांच्याकडे बघत थांबले. त्यांनी हात जोडले. डोळे मिटले. तोंड उघडलं आणि मिटलं. मग गुरवाकडे वळून, घरात बोलायचे त्या बारीक आवाजात, म्हणाले, "तूच सांग." तो आवाज देवळात मी पहिल्यांदाच ऐकला. भुईने मला पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय ते त्या क्षणी मला कळलं.

आईने मास्तरांना न जेवता जाऊ दिलं नाही. त्यांची मुलगी स्वतः वाढायला आली, बापाच्या पानात दोनदा भात घातला. बाबा आणि मास्तर एकाच पंगतीला, मध्ये मी. माशाचं हुमण, सोलकढी आणि चवळीची भाजी होती. आई "आणि घेवा, आणि घेवा" म्हणत राहिली. त्या वर्षीच्या जत्रेला गाऱ्हाणं गुरवाने घातलं, पुढच्या वर्षीही त्यानेच, आणि मग तीच रीत झाली. बाबा मागे, खांबापाशी उभे राहून इतरांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणायचे, तेही ओठांतल्या ओठांत. घराचा मान गेला तो माझ्या एका वाक्याने. वाड्यावर मला कुणी तोंडावर बोललं नाही, पण गावी जायला मी निमित्तं शोधू लागलो ती जायची नव्हे, न जायची.

कंपनीने मला काढलं नाही. यानने साहेबांना काय सांगितलं कोण जाणे, मला तसंच कचेरीत ठेवलं. पण हात जपायचा माझा तनखा घेऊन, आता ज्याला काडीचं टाकता येत नाही असा मी तिथे बसलेला! दारातून कुणी आत आलं की मला वाटे, हा विचारणार, तू कशासाठी आहेस इथे? त्या धास्तीने मी शिकलो. बार्ज कशी भरतात, भरती-ओहोटीची वेळ चुकली तर काय होतं, कुठल्या देशाला कसला माल लागतो, इंग्रजीत निरोप कसा द्यायचा, सगळं. यान जाईपर्यंत त्याच्यामागे हिंडून शिकलो, मग पुस्तकं आणून शिकलो. बढत्या मिळत गेल्या, खातं माझ्याकडे आलं, शेवटी कंपनीचा कारभारच माझ्याकडे आला, आणि मी हॉलंडलाही जाऊन यानच्या घरी पाव-चीज खाऊन आलो. माझ्या निवृत्तीच्या समारंभात लोक जिद्द, चिकाटी असलं बरंच बोलले. मी ऐकून घेतलं. त्यांना काय सांगू, की ती नुसती शरम होती म्हणून?

निवृत्त झाल्यावर काही दिवसांनी यानचा फोन आला. तोही म्हातारा झालेला. नियम बदललाय, म्हणाला; आता यंत्राने मोजतात आणि कोपरातला थोडा झटका चालतो. "मी पुष्कळ विचार केला," तो म्हणाला. "तुझा हात कदाचित आता बसला असता." त्याला वाटलं मला आनंद होईल. मी मात्र फोन ठेवून हिशोब मांडत बसलो. म्हणजे त्या दिवशी देव चुकला नव्हता, बाबा चुकले नव्हते, आणि मी देवळात उभं राहून दोघांना खोटं पाडलं. बाबा तेव्हा हयात होते, नव्वदीकडे झुकलेले, कानाने थोडे कमी. दुसऱ्याच दिवशी मी गाडी काढून कोरगावला गेलो. ओसरीवर ते सुपारी कातरत बसले होते. मी त्यांच्या कानाशी बसून सगळं सांगितलं, आणि म्हणालो, "बाबा, तुमचो कौल खरो आसलो. माझ्यापायी तुम्ही गाऱ्हाणा सोडलास. माका माफ करा."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"तुझ्यापायी? तुका कोणी सांगल्यान?" ते म्हणाले. "तुझो हात वाकता ता माका ठावक आसला. ल्हानपणापासून बघी होतंय मी. पंच म्हणालो तेच घडयेक माका कळला, तो खरा बोलता. तरी मी देवाक इचारलंय. आपणाक ठावक आसा ता देवाक इचारूचा नसता, दामू. गाऱ्हाणा घालतल्यान तर नायच नाय. तेका मगे थंय तोंड उघडूचो हक्क रवता काय?"

इतकी वर्षं मी माझी लाज घेऊन त्यांना टाळत होतो, आणि ते त्यांची लाज घेऊन याच ओसरीवर बसले होते. मी त्यांचा हात धरला. ते म्हणाले, "त्या दिसा तू बोललंस म्हणान मास्तर सुटलो. ता मिया बोलूक व्हया होता."